ठेका रद्द झाला, आता कोर्टात काय मागायचं?

(कायदा शिबिरात झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज वनहक्काच्या दाव्यांवर बोलणार नाही, ते उद्याच्या सत्रात आहे. आज विषय ठेक्याचा. काही जण म्हणतील, ठेक्याशी आपलं काय? ठेकेदाराविरुद्ध तर आपण लढत आलो. खरं आहे. पण दिवस बदलले. आज कुठं आपल्या माणसांची मजूर सहकारी संस्था बंधाऱ्याचं काम घेते, कुठं बायांचा बचत गट आहार पुरवतो, कुठं मच्छिमार संस्था तलाव घेते. टेंडर हा शब्द पूर्वी ठेकेदाराच्या तोंडी होता, आता तो आपल्या ठरावाच्या वहीत आला आहे.

आणि तो वहीत आला की दुसरा एक कागदही मागून येतो. त्यावर लिहिलेलं असतं, "आपणांस दिलेला कार्यादेश प्रशासकीय कारणास्तव रद्द करण्यात येत आहे." एवढंच. का रद्द, कुणाच्या सांगण्यावरून रद्द, झालेल्या कामाचे पैसे कधी, काही नाही. मग संस्थेचे लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर गप्प बसतात, नाहीतर पुढाऱ्याच्या दारात जातात. पुढारी म्हणतो, "बघतो." बघता बघता दुसऱ्याला काम मिळतं आणि आपला मोसम संपतो.

म्हणून आज तिसरा रस्ता सांगतो. तो सोपा नाही, पण आहे.

पहिली गोष्ट: रद्द झालं ते कोणत्या टप्प्यावर?

वकिलाकडं गेलात की तो पहिलं हेच विचारेल. तीन टप्पे ध्यानात ठेवा.

पहिला टप्पा. निविदा भरली, आपला दर सगळ्यात कमी निघाला, पण मंजुरीचं पत्र आलं नाही, आणि त्याआधीच निविदा रद्द झाली. इथं आपला हक्क कमी असतो. सगळ्यात चांगला दर दिला म्हणजे काम मिळालंच असं कायदा म्हणत नाही. पण एक हक्क इथंही आहे. आपली निविदा इतरांच्या बरोबरीनं, जाहीर केलेल्या अटींवरच तपासली गेली पाहिजे.

दुसरा टप्पा. मंजुरीचं पत्र आलं, करार झाला, अनामत भरली, आणि मग रद्द. इथं आपली बाजू पुष्कळ भक्कम होते.

तिसरा टप्पा. काम सुरू झालं, अर्धं झालं, माणसं राबली, आणि मग रद्द. इथं दोन भांडणं एकदम सुरू होतात. एक, रद्द करणं बरोबर का? दुसरं, झालेल्या कामाचे पैसे कोण देणार? ही दोन भांडणं एकमेकांत मिसळू देऊ नका. दोघांचं दार वेगळं आहे.

दुसरी गोष्ट: दोन दारं

एक दार उच्च न्यायालयाचं. राज्यघटनेच्या कलम 226 खाली तिथं रिट याचिका करता येते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या लोकांना नागपूर खंडपीठ. नंदुरबार, धुळ्याच्या लोकांना औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. पालघर, ठाणे, नाशिक, रायगडच्या लोकांना मुंबई. या दारात मुख्य प्रश्न असतो: सरकारनं मनमानी केली का? कलम 14 म्हणतं कायद्यापुढं सगळे समान. सरकार सावकारासारखं "माझी मर्जी" म्हणू शकत नाही, करार करतानाही नाही आणि मोडतानाही नाही.

दुसरं दार दिवाणी कोर्टाचं, किंवा करारात लवादाचं कलम असेल तर लवादाचं. तिथं प्रश्न असतो: करार कुणी मोडला, आणि नुकसान किती?

आता कोणतं दार कधी? हे समजायला जंगलातलेच दोन खटले सांगतो.

पहिला खटला उत्तर प्रदेशातल्या खेरीच्या जंगलाचा. एका माणसानं लिलावात लाकूडतोडीचा हक्क घेतला होता. त्याच्या बाजूचा निर्णय विभागीय वन अधिकाऱ्यानं त्याला न ऐकता फिरवला. सरकारी वकील म्हणाले, हा तर कराराचा वाद, यानं दिवाणी दावा करावा, रिट कशाला? सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हक्क मुळात करारातून आला एवढ्यावरून रिटचं दार बंद होत नाही. सरकारी अधिकारी मनमानी करत असेल, ऐकून न घेता माणसाचा हक्क काढून घेत असेल, तर तो माणूस रिटमध्ये येऊ शकतो.

दुसरा खटला बिहारचा, 1977 चा. सालबिया गोळा करण्याचा ठेका होता. सरकारनं रॉयल्टी वाढवली, पुढं ठेकाच रद्द केला. इथं सर्वोच्च न्यायालयानं उलट सांगितलं: हा करारातल्या अटींचा वाद आहे, कुणी कोणती अट मोडली ते पुरावा घेऊनच ठरेल, दिवाणी कोर्टात जा.

दोन्ही जंगलाचे ठेके, मग फरक कशात पडला? तक्रारीच्या गाभ्यात. "मला ऐकलं नाही, कारण दिलं नाही, दुसऱ्यासाठी मला बाजूला सारलं" ही तक्रार असेल तर पहिलं दार. "कराराच्या अमुक अटीचा अर्थ असा होतो, म्हणून मला इतके रुपये येणं आहे" अशी असेल तर दुसरं दार. पुढं 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की कराराचा वाद आहे किंवा काही गोष्टींवर दोन्ही बाजूंचं एकमत नाही, एवढ्यानं रिट फेटाळायलाच पाहिजे असं नाही. पण तुमचा सगळा खटला साक्षीपुराव्यावर उभा असेल, तर उच्च न्यायालय बहुधा तुम्हाला खालीच पाठवेल. म्हणून रिटमध्ये जाताना गोष्ट कागदावरच दिसली पाहिजे.

तिसरी गोष्ट: "कारण न देता रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे"

प्रत्येक निविदेच्या तळाशी हे वाक्य असतं. साहेब त्यावर बोट ठेवतो, आणि आपला माणूस मान खाली घालतो. मान खाली घालायचं कारण नाही. उत्तर प्रदेश सरकारनं एका फटक्यात सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका संपवल्या होत्या. नियमात "कारण न देता" असंच लिहिलेलं होतं. श्रीलेखा विद्यार्थी यांच्या खटल्यात, निकाल 1990 चा, सर्वोच्च न्यायालयानं फोड करून सांगितलं: कारण कळवायची गरज नसेल, पण कारण असायला तर पाहिजेच. कारण नसताना केलेलं काम म्हणजे मनमानी. ती कराराच्या आड लपत नाही.

याला जोडून अजून एक नियम. हुकूम काढताना जे कारण होतं, त्यावरच तो उभा राहायला पाहिजे. कोर्टात गेल्यावर सरकारनं नवीन कारण शोधून प्रतिज्ञापत्रात घातलं तर ते चालत नाही. हे 1977 च्या मोहिंदरसिंग गिल यांच्या खटल्यात सांगितलं गेलं. म्हणून रद्दचं पत्र फाडू नका, रागानं परत पाठवू नका. ते जितकं तुटपुंजं, तितकं आपल्या कामाचं.

आता ताजा खटला ऐका, 2024 चा. कोलकात्यातले दोन भुयारी रस्ते सांभाळायचे आणि तिथं जाहिरात लावायची असा ठेका एकाला रीतसर निविदेतून मिळाला होता. वर्षभराच्या आत प्राधिकरणानं तो रद्द केला. म्हणे निविदेत तांत्रिक दोष होता. उच्च न्यायालयात तो माणूस हरला. सर्वोच्च न्यायालयानं फाईल पाहिली. फाईलवरच्या नोंदींत दिसलं की रद्द करण्याची इच्छा वरून, संबंधित मंत्र्यांकडून आली होती. न्यायालयानं रद्दचा हुकूम मोडून काढला. जास्त पैसे मिळाले असते असं आता वाटतं, एवढ्यावरून झालेला करार सरकारनं मोडायचा नाही, असंही बजावलं.

यातून आपण काय घ्यायचं? फाईल. रद्दचं पत्र एका ओळीचं असतं, पण फाईलवर सगळं असतं. कुणी टिपणी लिहिली, कुणी "करू नये" म्हटलं, कुणी तरी करायला लावलं. माहिती अधिकारात 10 रुपये भरून फाईलवरच्या टिपणीसह नकला मागा. दारिद्र्यरेषेखालच्याला ते 10 रुपयेही नाहीत. उत्तराची मुदत 30 दिवस. पण त्या उत्तरासाठी कोर्टात जायचं थांबवू नका. रिट दाखल करून न्यायालयालाच फाईल मागवायची विनंती करता येते.

चौथी गोष्ट: कोर्ट काय करत नाही

खोटी आशा देऊन तुम्हाला नागपूर-मुंबईला पाठवायचं नाही, म्हणून हे पण ऐका.

कोर्ट साहेबाच्या खुर्चीत बसत नाही. 1994 च्या टाटा सेल्युलर खटल्यापासून ही गोष्ट पक्की आहे. निर्णय शहाणपणाचा होता का हे कोर्ट बघत नाही, निर्णय कोणत्या वाटेनं झाला ते बघतं. निधी खरोखरच संपला, कामाची गरजच उरली नाही, निविदेत खरोखर घोटाळा होता, अशी कारणं खरी असतील तर कोर्ट बहुधा हात घालणार नाही.

रस्ता, पाणी अशा पायाभूत कामांत स्थगिती मिळणं आता जास्त अवघड झालं आहे. 2018 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांनाही सांगितलं की असली कामं थांबवताना हात आखडता घ्या. अशा ठिकाणी पैशाची मागणी जास्त पक्की धरावी लागते.

आणि उशीर. रिटला वर्षांची ठरीव मुदत नाही, म्हणून लोक निवांत राहतात. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेचा एक गाजलेला खटला आहे, 1979 चा, रमणा शेट्टी यांचा. सरकारनं स्वतःच घातलेली अट स्वतःच मोडली असं न्यायालयानं मान्य केलं. आज देशभर तो निकाल दाखवतात. पण शेट्टींना त्यात काही मिळालं नाही. न्यायालयानं दिलेल्या कारणांत एक मोठं कारण हे होतं की ते पाच महिन्यांहून जास्त उशिरा आले होते आणि तोवर दुसऱ्यानं खर्च करून काम थाटलं होतं. कायदा त्यांच्या बाजूनं होता, तरी हात रिकामेच. आपल्याकडं तर तेंदूचा मोसम काही आठवड्यांचा असतो. तिथं पाच महिने म्हणजे पुढचं वर्ष.

पाचवी गोष्ट: पैसे

समजा संस्थेनं बंधाऱ्याचं अर्धं काम केलं. 40 माणसं राबली. मग रद्द. साहेब म्हणतो, करारच नीट झाला नव्हता, राज्यपालांच्या नावानं सही नाही, पैसे कसले? हे खूपदा होतं. याचं उत्तर 1961 चं आहे. बंगालमध्ये आरामबागला एका कंत्राटदारानं सरकारी खात्यासाठी रस्ता आणि खोल्या बांधल्या. कायद्याप्रमाणे रीतसर करार झाला नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, काम फुकट करून द्यायचं नव्हतं, सरकारनं ते घेतलं, वापरलं, तर मोबदला द्यावा लागेल. करार कायद्याचं कलम 70. केलेल्या कामाचा मोबदला कागदाच्या दोषानं बुडत नाही.

पण मागायला मोजमाप पाहिजे. रद्दचं पत्र आलं त्या दिवशी पहिलं काम: शाखा अभियंत्याला लेखी पत्र, "संयुक्त मोजमाप करून मोजमाप वहीत नोंद घ्या." तो आला नाही तर तारीख कळवून गावकऱ्यांसमोर पंचनामा करा. तारीख दिसेल असे फोटो काढा. हजेरीपट, सिमेंटची बिलं, ट्रॅक्टरच्या भाड्याच्या पावत्या एका पिशवीत. नवा ठेकेदार तुमच्या कामावर काम चढवायच्या आत हे झालं पाहिजे.

राज्य सरकारवर दिवाणी दावा लावायच्या आधी कलम 80 ची नोटीस द्यावी लागते, आणि दोन महिने थांबावं लागतं. फारच घाई असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन आधी दावा लावता येतो. जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्यासाठी त्यांच्या कायद्यात वेगळी नोटीस आहे. करार मोडल्याच्या दाव्याची मुदत 3 वर्षं. 3 लाखांच्या वरचा बांधकामाचा किंवा माल पुरवण्याचा वाद व्यावसायिक न्यायालयाच्या कायद्यात जातो. तिथं तातडीचा हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. करारात लवादाचं कलम असेल तर लेखी नोटीस देऊन लवाद मागा, आणि तोवर अनामत जप्त होऊ नये म्हणून कोर्टात अंतरिम अर्ज करा.

एका ताईंनी मघाशी विचारलं, "आमचा गट काळ्या यादीत टाकला, आता कुठंच भरता येत नाही, ते कायमचं का?" नाही ताई. काळी यादी म्हणजे पुढच्या सगळ्या कामांतून हाकलणं. ते ऐकून घेतल्याशिवाय करता येत नाही, हे 1974 पासून ठरलेलं आहे. आणि 2014 मध्ये न्यायालयानं आणखी पुढं जाऊन सांगितलं की काळ्या यादीत टाकणार आहोत हे नोटिशीतून स्पष्ट कळलं पाहिजे. नुसतं "कारवाई का करू नये" एवढी मोघम नोटीस पुरत नाही. तुम्हाला आलेली नोटीस काढून बघा, त्यात काळ्या यादीचा उल्लेख आहे का.

बचत गटांसाठी अजून एक गोष्ट. आपल्याच राज्यात अंगणवाडीच्या आहाराचं 2016 चं टेंडर अशा अटींचं होतं की मोठे पुरवठादारच टिकावेत आणि गावातले गट बाहेर पडावेत. बचत गट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2019 मध्ये ते टेंडर आणि त्यावर झालेले करार रद्द झाले, नव्यानं प्रक्रिया करायला सांगितलं. म्हणजे रद्द होणं नेहमी आपल्या विरुद्धच असतं असं नाही. टेंडरच वाकडं असेल तर ते रद्द करा म्हणून आपणही जाऊ शकतो. ओडिशात 1969 मध्ये तेंदूच्या पानाचं हेच झालं. सरकारनं जुन्याच ठेकेदारांना पानं द्यायचं ठरवलं, नव्यांना दार बंद. न्यायालयानं ते मोडलं. वनोपजाची मक्तेदारी सरकारकडं आहे ती लोकांच्या हितासाठी, चार जणांचे खिसे भरायला नाही.

सहावी गोष्ट: आपली ग्रामसभा

हे थोडं कडू आहे, पण बोललं पाहिजे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी आपल्याला दिली. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देते. आता कितीतरी ग्रामसभा स्वतः तेंदू, बांबूचे दर मागवतात. म्हणजे टेंडर काढणारे आपण झालो.

मग समजा दर उघडले, एकाचा मंजूर केला, ठराव झाला, करार झाला, त्यानं अनामत भरली. दोन दिवसांनी दुसरा व्यापारी आला, गोणीमागं जास्त दर बोलला. लोक म्हणतात, पहिला रद्द करा. करायचा का? कोलकात्याचा निकाल आठवा. जास्त पैसे हे कारण सरकारला पुरलं नाही, ते आपल्याला कसं पुरेल? ग्रामसभा कायद्यानं मिळालेला अधिकार वापरते. उद्या तिलाही कोर्टात जाब द्यावा लागेल. आणि कोर्टाचं सोडा, शब्द फिरवणाऱ्या गावात पुढच्या वर्षी चांगला व्यापारी येणार नाही.

व्यापारी पैसे देत नसेल, फळीवरून माल न मोजता उचलत असेल, तर रद्द जरूर करा, पण रीतसर. थकबाकी लिहून नोटीस द्या. उत्तराला मुदत द्या. ग्रामसभेत त्याचं म्हणणं ऐका, ते वहीत लिहा. मग कारणासहित ठराव करा, गणपूर्ती मोजा, सह्या घ्या, ठरावाची नक्कल त्याला द्या आणि पोच घ्या. साहेबाकडून आपण जे मागतो, तेच आपणही द्यायचं. तेव्हाच कोर्टात आपलं तोंड उघडेल.

शेवटी, पत्र आलं की काय करायचं

हे गावात वाचून दाखवा.

1. पत्र कोणत्या तारखेला हातात पडलं ते त्यावर लिहा, पाकीट जपा.
2. आठवड्याच्या आत संस्थेची किंवा ग्रामसभेची बैठक, ठराव, आणि कोर्टात जायला कोण सही करणार ते ठरवा. ठराव नसेल तर याचिका तिथंच अडते.
3. अधिकाऱ्याला लेखी निवेदन: कारण द्या, आमचं म्हणणं ऐका, तोवर नवी निविदा काढू नका. आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.
4. त्याच दिवशी मोजमापाचं पत्र आणि माहिती अधिकाराचा अर्ज.
5. निविदेची जाहिरात, अटी, मंजुरी, कार्यादेश, करार, अनामतीची पावती, रद्दचं पत्र, सगळ्याच्या तीन-तीन नकला.
6. वकिलाकडं लगेच जा. रिटमध्ये तीन गोष्टी मागा: रद्दचा हुकूम मोडा, निकालापर्यंत नवा ठेका देऊ नका, फाईल मागवा. नवा ठेका झालेला असेल तर त्या ठेकेदारालाही याचिकेत पक्षकार करावं लागतं.
7. फी नाही म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं आदिवासी माणसाला आणि कोणत्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा समितीकडं, उच्च न्यायालयाची समिती वेगळी आहे.

यानं दर वेळी ठेका परत मिळेल असं मी म्हणत नाही. कधी नुसते पैसे मिळतील, कधी "पुन्हा ऐकून निर्णय घ्या" एवढाच हुकूम मिळेल. तोही छोटा नाही. ज्या साहेबानं एका ओळीत चाळीस घरांचा रोज बंद केला, त्याला समोर बसवून, लिहून कारण द्यावं लागतं.

आता प्रश्न विचारा. ज्यांनी रद्दची पत्रं सोबत आणली आहेत त्यांनी ती पुढं द्या, आपण एकेक वाचू.

जोहार.